उजव्या सीटचा पट्टा

ही घटना खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे, त्यामुळे "आमच्या एका पाहुण्याच्या मित्राला" अशी पळवाट मला मिळणार नाही.

या पेजवरची भुतं बहुतेक अमावस्येच्या रात्री येतात. माझ्या वाट्याला आलेलं दिवसा आलं. कारण अगदी सरकारी आहे. माझ्या खासगी पायलटच्या लायसन्सवर रात्री उडता येत नाही. सूर्य मावळायच्या सुमाराला चाकं जमिनीला लागलेली हवीत. तेव्हा ज्याला माझ्यासोबत यायचं होतं, त्यालाही उजेडातच यावं लागलं.

गेला जानेवारी. महिन्याची शेवटची दुपार. हिंगोली जिल्हा, सेनगावकडच्या माळावरची एक जुनी धावपट्टी.

नेमकी जागा सांगत नाही. फ्लाइंग क्लबवाले माझ्यावर आधीच नाराज आहेत.

हिंगोलीत विमान म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. दोन सीटचं, एका पंख्याचं, बरंच म्हातारं विमान आहे. कागदोपत्री त्याला नंबर आहे. क्लबमधे सगळे त्याला जिवनबाई म्हणतात, कारण सुरू होण्याआधी ते म्हाताऱ्या बाईसारखं कण्हतं.

मी दातांची डॉक्टर. नाव संध्या. वय पन्नाशीच्या पुढं. आमच्या घरात पहिली सायकल आली ती वडील मास्तर झाल्यावर. पहिली मोटार मी घेतली. मग विमानच तेवढं राहिलं होतं, म्हणून चाळिशीत तेही शिकले.

आता थोडं कंटाळवाणं. पण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

विमानाचं लायसन्स पाकिटात ठेवून विसरता येत नाही. ठरलेल्या मुदतीत ठरलेले तास उडावे लागतात, ते लॉगबुकात चढवावे लागतात. कमी पडले तर लायसन्स कागदावर राहतं, आकाशात चालत नाही. मग पुन्हा परीक्षा, पुन्हा परीक्षकासमोर उड्डाण, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

त्या वर्षी पावसाळा लांबला, मग जिवनबाई दुरुस्तीला गेली. माझा शेवटचा एक तास राहून गेला. मुदत त्याच दिवशी संपत होती. कागदावर मध्यरात्री. माझ्यासाठी सूर्यास्ताला.

शिवाय मधे खंड पडलेला, त्यामुळं बाजूला पॅसेंजर बसवायची परवानगी नव्हती. एकटीनंच उडायचं. हा नियम लक्षात ठेवा. पुढं मला तो फार उपयोगी पडला.

तास भरला नसता तर क्लबात कुणी रडलं नसतं. "मॅडम, आता पुरे की," हे वाक्य मी वर्षभर वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत होते. ती तोंडं मी चांगली ओळखते. त्यातली बरीच माझ्यासमोर उघडलेली असतात.

पुरे कधी म्हणायचं, हे मी ठरवणार होते.

धावपट्टीवर दोघंच होते. रतनसिंग, म्हणजे क्लबचा सध्याचा इन्स्ट्रक्टर. तो आणि मी एकाच बॅचचे. आणि अजीजभाई, मेकॅनिक.

"ताई, वारं आडवं हाय आज," रतन म्हणाला. "काहून तकलीफ करून घेऊन राहिल्या? एका तासाचीच तं गोष्ट हाय. लिहून टाका. सही मी मारतो."

"वर न जाता?"

"तुमी न्हाई सांगणार. मी न्हाई सांगणार. जिवनबाई तं बोलतच न्हाई."

"रतन, न उपटलेली दाढ मी उपटली म्हणून लिहीत नाही."

"तुमच्याशी बोलण्यात काई अर्थ न्हाई," तो म्हणाला आणि रेडिओच्या खोलीकडं निघाला. जाताना एकदा थांबला. मागं वळून विमानाच्या उजव्या बाजूकडं पाहिलं. 

तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

"डॉक्टरीणबाई," अजीजभाई पंख्याखालून ओरडले, "बाजूचा बेल्ट बराबर आवळा बरं. मोकळा ऱ्हायला अन् कंट्रोलमधी अडकला, तं मग अल्लाच उतरवंल तुमाला."

एकट्यानं उडताना ही पद्धतच आहे. रिकाम्या सीटचा पट्टा बकल लावून सीटवर घट्ट आवळून टाकायचा. मी तो आवळला. अजीजभाईंनी खिडकीतून हात घालून ओढून पाहिला.

"एकदम कडक," ते म्हणाले. मग उगाच हसले. "अमरसिंग सरांना हा बेल्ट कवाच पुरला न्हाई. शेवटाच्या टोकापस्तोर सोडाया लागायचा."

कॅप्टन अमरसिंग आमचे इन्स्ट्रक्टर. रतनचे आणि माझे.

माणूस आडवातिडवा. आवाज त्याहून मोठा. आणि विमान चालवणं... त्याबद्दल बोलायला माझ्याकडं शब्द नाहीत. मांजरानं ओट्यावरून उडी मारावी तसं ते विमान जमिनीवर ठेवायचे. कुठलाही आडवा वारा असो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, तुमच्यात कुणी विमान चालवलंय का याआधी?"

तुमच्यात म्हणजे डेंटिस्टांत, बायकांत, की आणखी कशात, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिन्ही ठिकाणी मीच होते.

"तुमच्यात काय, जन्मल्या जन्मल्या चालवतात का?" मी म्हणाले.

तेव्हापासून आमचं छान जमलं नाही.

विमानात दोन्ही सीटसमोर एकेक हँडल असतं. आतून जोडलेली. एक हललं की दुसरंही हलतं. डाव्या सीटवर शिकणारा, उजव्या सीटवर शिकवणारा. विमान दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर तोंडानं म्हणायचं, "यू हॅव कंट्रोल." समोरच्यानं घेतलं की त्यानं म्हणायचं, "आय हॅव कंट्रोल." घेणाऱ्यानं आधी मागितलं, तर देणाऱ्यानं उत्तर द्यायचं. पण दोन्ही वाक्यं झालीच पाहिजेत. विमान कुणाचं, हा संशय एक क्षणही राहता कामा नये.

हे शिकवलं अमरसिंगांनीच. पाळलं मात्र अर्धंच.

ते मागायचे नाहीत. बोटातल्या अंगठीनं समोरच्या पत्र्यावर दोनदा वाजवायचे.

टक. टक.

म्हणजे सोडा. आम्ही "यू हॅव कंट्रोल" म्हणायचो आणि हात मांडीवर घ्यायचो. वर्षभरात अशी सवय लागली की ती टकटक ऐकली की डोक्याआधी हातच ऐकायचे. लँडिंग तर त्यांनी मला कधी पूर्ण करू दिलं नाही. जमीन हाताशी आली, की टक टक. ते विमानातून उतरून मला एकटीला सोडायची वेळ आली, तोवर माझी अख्खी बॅच पुढं निघून गेली होती.

आणि विमान परत देताना? नुसता हात झटकायचे. "यू हॅव कंट्रोल" हे वाक्य त्यांच्या तोंडून आमच्यापैकी कुणीच ऐकलं नाही.

गालात कायम एक लवंग. उजवीकडची खालची दाढ किडलेली. काढून टाकू म्हणून मी मागं लागले होते. "मॅडम, माझ्या तोंडाचा कंट्रोल तरी माझ्याकडं राहू द्या," म्हणाले. ती दाढ घेऊनच गेले. दोन वर्षांपूर्वी. विमानात नाही, हॉस्पिटलच्या पलंगावर. हे त्यांना फार अपमानाचं वाटलं असणार.

असो. मी इंजिन सुरू केलं.

एकट्यानं उडताना विमान हलकं असतं. हे कुणाही पायलटला विचारा. बाजूचा माणूस उतरला की ते जमिनीवरून टुणकन सुटतं.

त्या दिवशी सुटेना.

अर्धी धावपट्टी संपली. विमान जमिनीला चिकटलेलं. कडेच्या तुरीच्या ओळी भराभर मागं चालल्या होत्या आणि चाकं अजून खडखडतच होती. वारा असेल, मी म्हटलं. इंजिन म्हातारं झालंय, मी म्हटलं. माझंच वजन वाढलंय, हेही म्हणून पाहिलं.

धावपट्टीच्या पार टोकाला जिवनबाई कशीबशी उठली. जशी दोन माणसं घेऊन उठते, तशी.

रेडिओवर रतनचा आवाज आला.

"ताई... बाजूला कोण हाय?"

"कुणी नाही. का?"

खरखरीतून त्याचा आवाज आला.

"मला दोन डोकी दिसून राहिली."

मी उजवीकडं पाहिलं. सीट रिकामी होती. पट्टा होता तसाच आवळलेला.

"रतन, चष्म्याचा नंबर तपासून घे," मी म्हणाले.



मी कळमनुरीच्या दिशेनं निघाले. खाली कयाधू नदी कुणी दोरा टाकून दिल्यासारखी पडली होती. हरभऱ्याचे हिरवे तुकडे, कापसाचे मळके. समोर दूर इसापूर धरणाचं पाणी चमकत होतं. अशा दुपारी वाटतं, की हे लायसन्स टिकवण्यासाठी केलेली सगळी कटकट वसूल झाली.

आणि तेवढ्यात... वास आला.

लवंगेचा.

आता, लवंगेच्या तेलाचा वास माझ्या हातालाच असतो. आम्हा दातवाल्यांची ती ओळखच आहे. मी हात नाकाशी नेला.

हाताला साबणाचा वास होता. दवाखाना आठवडाभर बंद होता, फरशीचं काम चालू होतं म्हणून.

वास उजवीकडून येत होता.

मी खिडकी किलकिली केली. गार वारा आत घुसला. वास गेला नाही. उलट कुणीतरी लवंग चावल्यावर येतो, तसा ताजा झाला.

मी समोर बघत राहिले. मान वळवायची नाही, असं ठरवलं.

आणि मग...

टक. टक.

समोरच्या पत्र्यावर. उजव्या बाजूला.

"यू हॅव कंट्रोल," मी म्हणाले.

हात मांडीवर आले.

हे इतकं सहज झालं, की काय झालं हे कळायला मला दोन श्वास लागले. मी एकटी होते. हजारो फूट वर. आणि मी विमान देऊन बसले होते.

...आणि ते कुणीतरी घेतलं होतं.

माझ्या समोरचं हँडल आपोआप हललं. हवेच्या धक्क्यानं हलतं तसं नाही. अनुभवी हात हलवतात तसं, थोडंसं, नेमकं. इतका वेळ आडव्या वाऱ्यानं डुलत असलेली जिवनबाई एकदम शांत झाली. पाट मांडून बसल्यासारखी. पायांजवळची पेडलं माझ्या बुटांखालून हळूच सरकली.

मग विमान वळायला लागलं.

सेनगावकडं. धावपट्टीकडं. इंजिनाचा आवाज उतरला, नाक खाली झुकलं.

माझ्या लक्षात आलं. तास भरायला अजून खूप वेळ होता, आणि हे मला परत नेत होते. मॅडमचा आजचा धडा संपला. मॅडमनी आता घरी जावं, दात काढावेत.

खरं सांगते, तोपर्यंत मी घाबरले होते.  पण ते वळण बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

मी हँडल धरलं. "आय हॅव कंट्रोल."

उत्तर नाही. हँडल हलेना. भिंतीतली खुंटी ओढावी तसं.

"आय हॅव कंट्रोल, कॅप्टन!"

काही नाही. इंजिन अजून उतरलं.

मग मी उजवीकडं पाहिलं.

सीट रिकामी होती. पण पट्टा... पट्टा सीटला चिकटलेला नव्हता. बकल लागलेलंच होतं. पट्टा मात्र शेवटच्या टोकापर्यंत सैल झाला होता, आणि तो खाली पडला नव्हता. सीटपासून हातभर वर, हवेत, गोल होऊन थांबला होता.

मोठ्या पोटावरून जावा तसा.

तो वरखाली होत होता. सावकाश.

लोक म्हणतात अशा वेळी देवाचं नाव घ्यावं. आमच्या घरात ती सवय नाही. मला नियम तेवढे पाठ होते.

"कॅप्टन," मी म्हणाले. घाबरलेल्या पेशंटशी बोलते त्या आवाजात. "तोंड उघडू नका. नुसतं ऐका." हे वाक्य मी धंद्यात आल्यापासून पहिल्यांदाच म्हणत होते. "या उड्डाणाची पायलट इन कमांड मी आहे. फ्लाइट प्लॅनवर माझं नाव आहे. तुमचं लायसन्स संपलंय. मेडिकल सर्टिफिकेट तर त्याच्याही आधी संपलं."

पट्टा हलायचा थांबला.

"लायसन्स नसलेला माणूस बाजूला बसला, की तो पॅसेंजर. आणि आज पॅसेंजर न्यायची मला परवानगी नाही. म्हणजे नियमानं तुम्ही इथं नाहीच. आणि जो इथं नाही, त्याच्याकडं विमान असू शकत नाही. विमान कुणाचं, हा संशय एक क्षणही राहता कामा नये. कुणी शिकवलं हे? तुम्हीच ना?"

लवंगेच्या वासानं डोळ्यांना पाणी आलं होतं. निदान मी तरी तसंच समजते.

"तुमच्यात कुणी चालवलंय का, विचारलं होतं ना? चालवतंय. डावीकडं बघा. आय. हॅव. कंट्रोल."

एक क्षण काहीच झालं नाही.

मग माझ्या हातातलं हँडल सुटलं. एकदम, इतकं की विमानानं नाक वर उचललं. जिवनबाई पुन्हा वाऱ्यावर डुलायला लागली. इतका सुंदर हेलकावा मी आयुष्यात अनुभवला नव्हता.

शेजारी खण्णकन आवाज झाला. बकल रिकाम्या सीटवर पडलं होतं.

उत्तर मात्र आलं नाही.

सैल पट्टा घेऊन उडणं धोक्याचं, म्हणून मी धावपट्टीवर उतरले. नेहमीचं माझं लँडिंग. तीन टप्पे खाल्ले.

रतन पळत आला. "कुठं गेला तो?"

"कोण?"

"बाजूचा!"

अजीजभाईंनी वाकून सीटखाली पाहिलं. तिथं माणूस मावत नाही. डबासुद्धा मावत नाही. मग त्यांनी पट्टा हातात घेतला, त्याचं टोक पाहिलं, आणि चटका बसल्यासारखा सोडून दिला.

"मी ओढून बघितल्ता," ते म्हणाले. "या हातानं. कडक व्हता." आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत दहा पावलं लांब जाऊन उभे राहिले.

रतन माझ्याकडं बघेना. "ताई, पॅसेंजर घेतला असंल, तं हे उड्डाण मोजता यायचं न्हाई."

"मी मोजतच नाहीये."

"काहून?"

"त्यातला काही वेळ विमान माझ्याकडं नव्हतं."

 मग त्यानं उजव्या खिडकीतून हात आत घातला. बोटं पत्र्याजवळ नेली. वाजवली नाहीत.

"दोनदा?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

मी त्याच्याकडं पाहत राहिले. "तुलाही?"

"म्हणून तं मी एकट्यानं उडत न्हाई. कुणी ना कुणी बसवतोच त्या सीटवर." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पहिल्या बारीला लई घाबरलो व्हतो. आता समजलंय. वाजलं की द्यायचं. ते उतरवून देतात बराबर. आपल्याहून चांगलं. कुणाचं काय बिघडतंय, ताई?"

"माझं बिघडतं."

"अहो, पण..."

"रतन, मी तुझ्या खोट्या सहीनं तास घेतला नाही. त्यांच्या खऱ्या हातानं घेईन का?" मी उन्हाकडं पाहिलं. एक तास भरेल इतकं ऊन होतं. जेमतेम. "अजीजभाई, टाकी बघा. मी परत चाललेय."

"मंग मी बसतो बाजूला," रतन म्हणाला. हे म्हणताना त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. माणूस वाईट नाही तो.

"पॅसेंजर न्यायची परवानगी नाही," मी म्हणाले.

मी उजव्या सीटचा पट्टा स्वतः आवळला. गुडघा रोवून. मग डावीकडं बसून माझा आवळला. इतका, की श्वास घेताना टोचावा.

या वेळी जिवनबाई टुणकन उडाली. हलकी. एकटीची.

रेडिओवर रतन म्हणाला, "एकच डोकं हाय, ताई." त्याच्या आवाजात आनंद होता, की आणखी काही, कळलं नाही.

तो तास मी पूर्ण उडाले. वास नाही. टकटक नाही. उजवीकडचा पट्टा सीटला चिकटलेला. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा पाहत होते. पेडलंही माझीच, हँडलही माझंच. मोठ्यानं बडबडत होते, शिव्याही दिल्या असतील. ते इथं लिहीत नाही, पेजचे नियम आहेत.

परतले तेव्हा सूर्य टेकायला आला होता. वारा वाढला होता, पार आडवा. असल्या वाऱ्यात मी कधी नीट उतरलेले नाही. धावपट्टी तिरकी होत होती, वारा दाखवणारा कापडी विंडसॉक ताठ झाला होता.

जमीन हाताशी आली.

मी टकटक ऐकायला कान दिले होते. "नाही" हा शब्द जिभेवर तयार ठेवला होता.

टकटक झाली नाही.

आणि विमान... उतरलं.

चाकं कधी टेकली, ते मला कळलं नाही. आवाज झाला नाही. धक्का बसला नाही. नुसत्या तुरीच्या ओळी सावकाश होत होत थांबल्या.

मांजरानं ओट्यावरून उडी मारावी तसं.

रतन पंख्याशी येऊन उभा राहिला. टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले होते.

"ताई," तो म्हणाला, "असं लँडिंग मी एकाच माणसाचं पाह्यलं हाय."

"आता दोघांचं पाहिलंस," मी म्हणाले.

उजवीकडं पाहिलं. पट्टा सीटला चिकटलेला होता. होता तसा, कडक. त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि माझं बकल काढायला हात खाली नेला...

पट्टा लागेना.

तो माझ्या अंगाला नव्हताच. शेवटच्या टोकापर्यंत सैल होऊन माझ्यासमोर गोल झाला होता. माझ्या पोटात आणि त्या पट्ट्यात अजून एक माणूस आरामात मावला असता.

मी कुणाला काही बोलले नाही. बकल काढलं. उतरले.

लॉगबुकात तास चढवला. पायलट इन कमांडच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पेननं. रतननं सही केली. त्याचा हात थरथरत होता, माझा नाही. माझ्या धंद्यात हात थरथरून चालत नाही.

लँडिंग माझं होतं. हात माझेच होते, मी त्यांच्याकडं बघत होते. कुणी विचारलं तर हेच सांगते. रात्री मात्र कधीतरी जाग येते आणि मी स्वतःलाच विचारते. तेव्हाही हेच सांगते. जरा मोठ्यानं सांगावं लागतं, इतकंच.

लायसन्स चालू आहे. पुढच्या मुदतीचे तास भरणं सुरू आहे. माझी मुलगी आरोही म्हणते, "आई, आता क्लब तरी बदल." कशाला बदलू? तास मी इथं कमावलेत. ज्यांना अडचण आहे, त्यांनी बदलावा.

आता प्रत्येक उड्डाणाआधी मी दोन पट्टे आवळते. आधी उजवा, मग माझा. इंजिन सुरू करण्याआधी, कुणी नसताना, मोठ्यानं म्हणते, "आय हॅव कंट्रोल."

आणि थोडं थांबते. उत्तरासाठी. नियमच आहे तसा.

...उत्तर अजून आलेलं नाही.

परवाच्या रविवारी तेवढं माझ्या पट्ट्याचं टोक बोटांतून एक वीत मागं सरकलं. कुणीतरी हळूच सैल सोडल्यासारखं.

मी ते ओढून परत आवळलं. माझ्या मापाचं. आणि इंजिन सुरू केलं.